भीमगडात तिकीटघर उभे राहण्याआधी

प्रति,
मा. मुख्य वन्यजीव परिपालक, कर्नाटक शासन, बेंगळूर
आणि मा. उपवनसंरक्षक, बेळगाव विभाग

विषय : भीमगड अभयारण्यातील पर्यटनाची मर्यादा प्रवेश सुरू होण्यापूर्वी ठरविण्याबाबत

महोदय,

गेल्या दोन-तीन वर्षांत खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात भीमगडाचे नाव पर्यटनाच्या संदर्भात वरचेवर ऐकू येऊ लागले आहे. कुणी जीपसफारीची भाषा करतो, कुणी तंबूंची, कुणी किल्ल्यापर्यंतच्या पायवाटेची. जांबोटीच्या चहाच्या टपरीवर तर रस्त्याकडेच्या जमिनीचे दर याच चर्चेवर चढतात आणि उतरतात. मी याच भागात जन्मलो, इथल्या मराठी शाळेत शिकलो आणि पुढे तीस वर्षे इथल्याच शाळांमधून शिकवून निवृत्त झालो. या रानाविषयी निर्णय होण्यापूर्वी काही गोष्टी आपल्यासमोर आणि माझ्या तालुक्यातील लोकांसमोर एकाच वेळी मांडाव्यात, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

पर्यटकांनी येऊच नये असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, कारण या रानात मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो हौशी पाहुणा म्हणूनच. 1980 च्या दशकात, महाविद्यालयात असताना, आम्ही सहा-सात मित्र तळेवाडीच्या वाटेने बारापेडे गुहेपर्यंत गेलो होतो. हातात रॉकेलचे टेंभे होते. आत शिरल्यावर धूर कोंडला आणि भर दुपारी शेकडो पंखांची फडफड आमच्या डोक्यावरून बाहेर पडली. आम्ही हसत होतो. एकाने टाळ्या वाजवून उरलेली वटवाघळे उडवली, आणि तो एक मीच होतो. त्या गुहेचे महत्त्व मला फार उशिरा कळले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत 1912 मध्ये तेथून एक मोठ्या कानांचे वटवाघूळ मिळाले, 1913 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर अनेक दशके ही जात साऱ्या जगात फक्त त्या एका गुहेतून माहीत होती. रॉटनचे वटवाघूळ असे तिचे नाव. पुढे ती मेघालयात आणि कंबोडियातही आढळली. तरी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळालेली जी अगदी मोजकी वटवाघळे आहेत, त्यांत तिची गणना होते. गुहेत दिवसा विसावलेल्या वटवाघळांना पुन्हा पुन्हा उठवले तर ती जागा कायमची सोडून जाऊ शकतात, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. सांगणारे तिथे कुणी नव्हतेच.

त्या वेळी असे टोळके वर्षाकाठी एखाद-दुसरे येत असेल. आज बेळगाव, हुबळी आणि गोवा या तिन्ही बाजूंनी दोन-तीन तासांत माणूस या भागात पोहोचतो, त्याच्या खिशात टेंभ्यापेक्षा प्रखर दिवा असतो आणि त्याने काढलेले चित्र संध्याकाळपर्यंत हजारो लोकांच्या नजरेखालून गेलेले असते. पुढच्या रविवारी त्यांतले पन्नास जण तीच जागा शोधत येतात. माझा मूर्खपणा आणि आजचा मूर्खपणा यांत जातीचा फरक नाही, मात्रेचा आहे. आणि रानाच्या बाबतीत प्रश्न मात्रेचाच असतो.

भीमगड अभयारण्य डिसेंबर 2011 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर, म्हणजे मोठ्या व्याघ्र प्रकल्पांच्या मानाने एखाद्या परिक्षेत्राएवढे. परंतु त्याचे मोल त्याच्या जागेत आहे. दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प, म्हणजे पूर्वीचे दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान. पश्चिमेला गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि त्याला लागून मोलेचे राष्ट्रीय उद्यान. उत्तरेला चोर्ला, तिळारी आणि चंदगडच्या रानांतून राधानगरी आणि थेट चांदोलीपर्यंत जाणारी सह्याद्रीची धार. दांडेलीकडून आलेल्या हत्तींनी 2002 साली महाराष्ट्रात पाऊल टाकले आणि दोडामार्ग, चंदगड, आजरा या भागांत मुक्काम ठोकला, तेव्हा त्यांनी खानापूर तालुका मधोमध ओलांडला होता. सीमाप्रश्नाचे खटले दिल्लीत चालू असताना तो त्यांनी आपल्यापुरता केव्हाच निकालात काढला. विनोद बाजूला ठेवून सांगायचे तर, तीन राज्यांच्या रानांना जोडणारी ही वाट आहे, आणि वाटेवर दुकाने मांडली की वाहतूक अडते. काळी प्रकल्पात सफारी चालते म्हणून भीमगडात का नको, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. त्याला माझे उत्तर इतकेच की घराच्या दिवाणखान्यात जे चालते ते दारात चालत नाही, कारण दारातून इतरांना ये-जा करायची असते.

याच रानात देगावजवळ म्हादईचा उगम आहे आणि त्याला लागून कणकुंबीत मलप्रभेचा. एक नदी पश्चिमेला गोव्याकडे जाते, दुसरी पूर्वेला धारवाड, बागलकोटकडे. म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या कळसा-भांडुरा योजनेवरून दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडत आहेत, लवादाने 2018 मध्ये पाण्याचे वाटपही केले. पण ज्या डोंगरउतारांवर हे पाणी मुरते, तिथे उद्या किती निवासस्थाने होणार, त्यांचे सांडपाणी कुठल्या ओढ्यात सुटणार, या प्रश्नावर दोन्हीकडे सारखीच शांतता आहे.

आता पावसाळ्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या खात्याचे नियम आणि इथली परिस्थिती यांत सर्वांत मोठी तफावत तिथेच पडते. देशातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत पावसाळ्यात पर्यटन बंद असते किंवा कमी होते. आमच्याकडे नेमके उलटे घडते. चोर्ला घाट, चिखले, पारवाड, कणकुंबी येथे गर्दी होते ती जून ते सप्टेंबर या काळातच, कारण लोकांना धबधबे आणि धुके पाहायचे असते. आणि हाच काळ बेडकांच्या विणीचा. रात्री रस्त्यावरचे पाणी चमकत असते तेव्हा एका बाजूच्या डबक्यातून दुसऱ्या बाजूला जाणारे बेडूक, त्यांच्या मागावर निघालेले साप आणि मातीतून वर आलेली देवगांडुळे हा सगळा संसार डांबरावर असतो. चोर्ला गावाच्या परिसरातून देवगांडुळाची एक मोठी, पिवळ्या पट्ट्यांची नवी जात 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवली. म्हणजे ज्या वर्षी अभयारण्य झाले त्याच वर्षी त्याच्या उंबऱ्यावर, जगाला माहीत नसलेला, पाय नसलेला असा एक उभयचर सापडला. तो प्राणी रस्ता ओलांडताना पाहिला तर बहुतेक लोक त्याला साप समजून मारतील किंवा गांडूळ समजून त्याच्यावरून गाडी नेतील. वाघासाठी गाडीचा वेग कमी करणारा पर्यटक मी पाहिला आहे, बेडकासाठी करणारा अजून पाहायचा आहे.

पावसाळी पर्यटनाचा दुसरा हिशेब माणसांच्या जिवाचा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये बेळगावातून सहलीला गेलेल्या चार मुली चंदगड तालुक्यातील कितवाडच्या धबधब्यात बुडाल्या. असे काही घडले की धबधब्यांवर बंदीचे फलक लागतात, नाक्यावर दोन पोलीस उभे राहतात आणि दोन रविवारांनंतर गर्दी बंदी नसलेल्या पुढच्या ओढ्याकडे सरकते. दूधसागरला तर जुलै 2023 मध्ये रेल्वेमार्गावरून चालत निघालेल्या तरुणांना पोलिसांनी रुळांवरच उठाबशा काढायला लावल्या होत्या. लोकांनी त्याची हसून करमणूक करून घेतली. मला मात्र त्यात एका व्यवस्थेची हतबलता दिसली. आधी लोकांना बोलवायचे, मग किती आले ते मोजायचे नाही, आणि शेवटी आलेल्यांना शिक्षा करायची, हा क्रम उलटा आहे.

तो सरळ करता येतो, हे आपल्याच राज्याने दाखवून दिले आहे. जानेवारी 2024 मध्ये कुमार पर्वताच्या पायवाटेवर हजारोंची झुंबड उडाल्यावर शासनाने अशा वाटा काही काळ बंद केल्या आणि नंतर ऑनलाइन नोंदणी व दिवसाला 300 जणांची मर्यादा घालून त्या पुन्हा उघडल्या. व्याघ्र प्रकल्पांच्या बाबतीत 2012 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटनाला मुभा ठेवली. नोव्हेंबर 2025 मध्ये वाघांच्या हल्ल्यांत शेतकरी दगावू लागल्यावर नागरहोळे आणि बंडीपूर या राष्ट्रीय उद्यानांतील सफारी थांबवण्याचा आदेश निघाला, कारण सफारीवर गुंतलेले मनुष्यबळ गावांच्या रक्षणासाठी हवे होते. या तिन्ही निर्णयांमागचे तत्त्व योग्य होते, पण तिन्ही गोष्टी हाताबाहेर गेल्यानंतर घेतल्या गेल्या. भीमगडाचे भाग्य असे की इथे अजून काही हाताबाहेर गेलेले नाही, आणि म्हणूनच मर्यादा प्रथम ठरवण्याची संधी आहे. मात्र ती ठरवताना दुसरीकडचा आकडा उचलून इथे चिकटवू नये. 300 ही संख्या कुमार पर्वताला पेलत असेल. बारापेडे गुहेला तीन माणसेसुद्धा जास्त आहेत. गुहा, नद्यांचे उगम आणि जनावरांच्या ये-जा करण्याच्या वाटा पर्यटनासाठी कायमच्या बंद राहाव्यात आणि उरलेल्या भागापैकी कुठे, कोणत्या महिन्यांत, किती वाहने व किती माणसे, हे अभ्यासाने ठरून जाहीर व्हावे. जोपर्यंत तो कागद लोकांसमोर येत नाही, तोपर्यंत तिकिटाचे पुस्तक छापू नये.

यानंतर ज्या विषयावर मला सर्वांत कठोर लिहावेसे वाटते, तो रानातल्या माणसांचा. अभयारण्यात आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, देगाव, तळेवाडी अशी गावे आणि वाड्या आहेत. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या भात आणि नाचणी पिकवत आले, देवराया राखत आले. त्यांनी बारमाही रस्ता मागितला, ओढ्यावर पूल मागितला, तेव्हा वन कायद्याचे कलम पुढे केले गेले. 2024 च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी लाकडांची डोली करून, पावसातून काही किलोमीटर खांद्यावर वाहून आणले, हे सर्व वर्तमानपत्रांत आले. 2025 मध्ये तळेवाडीच्या 27 कुटुंबांना स्थलांतराच्या 15 लाखांच्या मदतीपैकी पहिला हप्ता मिळाला. शाळा नाही, दवाखाना नाही, अस्वलाची भीती रोजची. अशा ठिकाणाहून जे स्वेच्छेने बाहेर पडले त्यांना मी दोष देणार नाही, आणि मदत देणाऱ्या शासनालाही नाही. परंतु एक गोष्ट स्पष्ट लिहून मिळावी अशी माझी मागणी आहे. माणसे हलवण्याचे समर्थन हे की वन्यप्राण्यांना निर्वेध जागा मिळावी. मग तळेवाडीच्या मोकळ्या झालेल्या गावठाणावर उद्या तंबू, शेकोटी आणि पाहुण्यांसाठी पाण्याची टाकी दिसता कामा नये. ज्या वाटेवर रुग्णाला जीप मिळाली नाही, त्याच वाटेवर सफारीची जीप धावू लागली, तर या तालुक्यात संरक्षण या शब्दाला कुणी किंमत देणार नाही.

हा केवळ भावनेचा मुद्दा नाही. जानेवारी 2020 मध्ये पलीकडच्या म्हादई अभयारण्यात गोळावलीजवळ एक वाघीण आणि तिची पिल्ले असे चार वाघ विष घातल्याने मेले. वाघाने जनावरे मारली होती आणि भरपाईवर विश्वास उरला नव्हता, इतकी साधी त्याची कारणपरंपरा होती. रानाच्या कडेचा माणूस रानाच्या विरोधात गेला तर कितीही पहारेकरी नेमले तरी उपयोग होत नाही. 2006 चा वनहक्क कायदा ग्रामसभेला जो अधिकार देतो तो औपचारिकता म्हणून उरकायचा नसतो. पर्यटनाचा आराखडा प्रत्येक वाडीच्या ग्रामसभेत वाचला जावा आणि तिथे घेतलेल्या हरकतींना लेखी उत्तर मिळावे.

आणि तो मराठीत वाचला जावा. राज्याची भाषा कन्नड आहे, तिचा मान आम्ही राखतो, आमची मुले ती शिकतातही. परंतु अभयारण्यातल्या बहुतेक घरांत म्हातारी माणसे मराठीच बोलतात आणि मराठीच वाचतात. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्क्यांहून अधिक असेल तर सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, ही तरतूद फार जुनी आहे. खानापूर तालुक्यात हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका आजोबांच्या अंगणात हरकतींसाठीची नोटीस चिकटवली गेली. त्यांनी ती देवाच्या फोटोशेजारी जपून ठेवली, कारण सरकारी कागद आहे एवढेच त्यांना कळले. मी ती वाचून दाखवली तेव्हा मुदत संपून तीन आठवडे झाले होते.

पर्यटनाला जागा द्यायचीच तर ती कुठे, याविषयी माझे मत असे आहे की मुक्काम, जेवण, वाहनतळ आणि माहिती केंद्र हे सर्व अभयारण्याच्या बाहेर, जांबोटी, कणकुंबी आणि खानापूर या बाजारगावांत असावे. आत व्यापारी निवासव्यवस्था उभारायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वपरवानगी लागते. ती मागण्याची वेळच येऊ नये. बाहेर मात्र गावकऱ्यांच्या घरांतली निवासव्यवस्था वाढायला भरपूर वाव आहे. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, आमसुलाची कढी, रानातला मध आणि काजू यांसाठी शहरातला माणूस आनंदाने पैसे मोजतो. आज आमची पोरे बारावी होताच गोव्याच्या हॉटेलांत नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत जातात. त्यांतले पन्नास जरी प्रशिक्षित वाटाडे म्हणून इथे राहिले, तरी पर्यटक त्यांच्याशिवाय पाऊल टाकणार नाहीत असा नियम करणे शक्य होईल. दांडेली, गणेशगुडीच्या बाजूला नदीकाठी ओळीने जी रिसॉर्टे उभी राहिली, त्यांत स्थानिकाच्या वाट्याला मुख्यतः झाडलोट आणि वाहन चालवणे आले. मालकी बाहेरची राहिली. जमिनीचे दर चढत असताना माझी खरी भीती ही आहे.

पैशाचाही एक प्रश्न आहे. व्याघ्र प्रकल्पांसाठी कायद्याने व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानांची सोय केली, त्यामुळे प्रवेशशुल्क त्या रानासाठी आणि भोवतालच्या गावांसाठी राखता येते. भीमगड हे अभयारण्य आहे, व्याघ्र प्रकल्प नाही. मग इथे जमणारा पैसा कुठे जाईल? किती वाटा गावांच्या समित्यांकडे, किती पीकनुकसानीच्या तातडीच्या भरपाईसाठी, किती पहारेकऱ्यांच्या पगारासाठी, हे पहिले तिकीट फाडण्याआधी ठरले पाहिजे. गव्यांनी भाताचे खाचर तुडवल्यावर पंचनाम्याला दोन आठवडे आणि धनादेशाला दोन हंगाम लागतात असा आमच्याकडचा अनुभव आहे. तो बदलला तर गावकरी पर्यटकाकडे आणि गव्याकडेही वेगळ्या नजरेने पाहील.

आपणांपैकी कुणी या भागात येऊन, जांबोटीत एक जाहीर बैठक घ्यावी आणि तीत आराखड्याचा मसुदा मांडावा, अशी विनंती करून थांबतो. आतल्या वाड्यांतील लोकांना चालत यावे लागते, तेव्हा वेळ सकाळी अकराच्या आधीची नसावी. पावसाळ्यातला रविवारही टाळावा. त्या दिवशी गाड्यांच्या गर्दीत जांबोटीचा चौक ओलांडायलाच अर्धा तास लागतो.

आपला,
जांबोटी परिसरातील एक निवृत्त शिक्षक